शेंगापोळीचा ठराव

"औंदाची सभा चहा निवायच्या आत आटपली न्हाय, तर रावसाहेब नाव लावणार न्हाय!"

ही घोषणा झाली तेव्हा रावसाहेबांच्या हातात बशी होती, बशीत बिनसाखरेचा चहा होता आणि ऐकायला समोर फक्त त्यांच्या पत्नी बजाबाई होत्या. पण घोषणा करायला रावसाहेबांना गर्दी लागतच नसे. सारी नोकरी सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस! "अक्कलकोटला जाणारी गाडी..." एवढं भोंग्यातून स्वच्छ ऐकू यायचं आणि पुढचं सगळं घुर्र घुर्र होऊन हवेत विरायचं. माणसं एकमेकांना विचारायची, "काय म्हणाला ओ?" रावसाहेबांना त्याचं काही नव्हतं. प्रवासी मागं राहिला तरी चालेल, गाडी वेळेवर हलली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शालीबरोबर वरून दाबायची एक पितळी घंटी भेट दिली. ती टेबलावर ठेवून रावसाहेब घरातसुद्धा जेवणाची वर्दी तिनंच द्यायचे. एकदा बजाबाईंनी ती पाण्याच्या टाकीत टाकली, तेव्हा कुठं ते थांबले.

तर असे हे रावसाहेब सध्या 'तवापरात उत्पादक कंपनी लिमिटेड'चे अध्यक्ष होते. कंपनी म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका! जुळे सोलापूरच्या पलीकडं रानाला लागून पत्र्याची एक शेड. आसपासच्या गावांतल्या बाया तिथं येऊन भाकरी थापायच्या, वाळवून कडक करायच्या, शेंगाचटणी कुटायच्या. माल नवी पेठेतल्या दुकानांत जायचा, तिथून पार पुण्यापर्यंत. ज्वारी पुरवणारे शेतकरीही त्यांच्यातलेच. झाडून सगळे शेअरहोल्डर! आणि या असल्या कंपनीचा कायदा असा, की कुणाकडं शेअर थोडे असोत की बक्कळ, मत प्रत्येकाला एकच.

इथंच तर घोडं पेंड खात होतं! रावसाहेबांना वाटायचं, अध्यक्ष आपण, तेव्हा कंपनी आपण चालवायची. सभासदांना वाटायचं, पैका आपला, घाम आपला, तेव्हा कंपनीही आपली. गेल्या वर्षीच्या सभेत पाकिटाचा रंग लाल ठेवावा की हिरवा करावा, यावर चर्चा सुरू झाली. प्रत्येक जण "आमी मालक हाय की!" म्हणून उठायचा आणि मामाच्या गावच्या पाकिटापर्यंत जाऊन खाली बसायचा. दिवेलागणीला सभा संपली. पाकीट लालच राहिलं!

त्यातून यंदा रावसाहेबांनी पुण्याच्या प्रदर्शनात भाकरीचं यंत्र पाहिलं होतं. इकडून पीठ घाला, तिकडून भाकरी बाहेर! रावसाहेब त्या यंत्रापुढं इतका वेळ उभे राहिले, की बजाबाईंना बघायला गेले होते तेव्हाही तेवढे थांबले नसतील. यंत्र घ्यायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. संचालक मंडळाची अडचण नव्हती. मंडळ म्हणजे रावसाहेब आणि ते बोलले की मान डोलावणारे बाकीचे. अडचण होती ती गौरम्माची.

गौरम्मा अक्कलकोटकडच्या. त्या भाकरी थापायला बसल्या की बाकीच्या बाया आपली परात सोडून बघत बसायच्या. भाकरी अशी पातळ, की उन्हात धरली तर पलीकडचा माणूस ओळखू यावा! यंत्राचं नाव निघताच त्या रावसाहेबांपुढं दोन्ही पंजे धरून उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, यंत्र आणतो म्हणताय. मग हे हात आमी कुटं ठेवायचं?"

रावसाहेबांना यावर उत्तर सुचलं नव्हतं. आणि उत्तर सुचलं नाही की ते ठराव लिहीत. त्यांनी लिहिलं : 'यंत्रखरेदीसह कंपनीचे सर्व निर्णय यापुढे संचालक मंडळ घेईल. त्यासाठी सभेस विचारण्याची आवश्यकता राहणार नाही.' एका ओळीत सगळ्या मालकांची मालकी खलास!

आता हा ठराव मंजूर करणार कोण? तर तेच मालक! रावसाहेब डोकं धरून बसले असते, पण एका बारशाच्या पंगतीत त्यांना साक्षात्कार झाला. वाढपी शेंगापोळीचं ताट घेऊन बाहेर आला मात्र, दोन्ही ओळींतले डावे हात सटासट वर गेले. "इकडं! हितं बी! ओ, हिकडं!" उजवा हात आमटीत आणि डावा आभाळात! कोणी काही विचारलं नाही, कोणी चर्चा मागितली नाही. खुद्द रावसाहेबांचा हातही वर गेला होता, पण शेजारून बजाबाईंनी तो पकडून खाली ओढला.

"शुगर हाय तुमाला!"

दाण्याच्या कुटाची, गुळाची, वर तूप सोडलेली शेंगापोळी! डॉक्टरनं बंद केल्यापासून बजाबाईंनी त्यांना तिचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. एरवी रावसाहेब त्या दुःखात घरी गेले असते. त्या दिवशी मात्र ते शीळ घालत गेले.

बेत असा ठरला. सभा भर पंगतीत घ्यायची. ठराव वाचायचा, घंटी दोनदा वाजवायची. एसटीत डबल बेल झाली की गाडी सुटते, तशा इथं पोळ्या सुटतील. पोळ्या सुटल्या की हात वर. हात वर की ठराव मंजूर!

"अगं, डबल बेल झाली की पोळ्या भाईर काढायच्या. त्याच्या आधी एक बी न्हाय," त्यांनी बजाबाईंना बजावलं. सभेच्या दिवशी स्वयंपाकाचा ताबा त्यांच्याकडंच होता.

"का?"

"शिस्त!"

कणीक मळता मळता बजाबाईंनी मान वर केली. "तुमच्या शिस्तीत काय तरी शिजतंय."

"शिजू दे. तू पोळी तेवढी करपू देऊ नको. आन् एक माझ्यासाठी..."

"तुमाला न्हाय!"

कंपनीचे कागदपत्र सांभाळायला सोलापुरातून दीक्षा यायची. हुशार, नेमकी पोरगी. सभेच्या सकाळी रावसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "दीक्षाताई, तुम्ही फक्त हात मोजायचे. हात वर म्हणजे मत! का वर केला, कशासाठी केला, हे विचारायचं न्हाय."

"पण काका, लोकांना ठराव कळायला नको का?"

"मी वाचणार हाय की! माईकवर!"

दीक्षानं त्या माईककडं पाहिलं, रावसाहेबांकडं पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पंगत बसली. शेडमध्ये समोरासमोर ओळी, पत्रावळीवर आमटी, भरलं वांगं, कडक भाकरी. रावसाहेब टेबलामागं उभे. समोर माईक, हाताशी टाकीतून बाहेर काढलेली घंटी. "सन्माननीय भागधारक..." त्यांनी सुरुवात केली आणि पुढं घुर्र घुर्र! मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. "मंजूर असल्यास हात वर करा!"

एकही हात वर गेला नाही. सगळे आमटीत कडक भाकरी चुरत होते आणि कडक भाकरी चुरणं हे एका हाताचं काम नव्हे!

"काका, हात नाहीत. मंजूर कसं लिहू?" दीक्षा म्हणाली.

रावसाहेबांनी घंटी एवढ्या लवकर वाजवायचं ठरवलं नव्हतं. पण पहिल्याच थांब्यावर गाडी बंद पडली तर पुढं कसं व्हायचं? टण्ण टण्ण! आतून पोळ्यांची ताटं निघाली आणि काय सांगावं! डाव्या हातांचं रान उगवलं! "इकडं! हितं दोन!" दीक्षानं हात मोजले. मंजूर. हिशेब वाचले. टण्ण टण्ण! मंजूर. रावसाहेबांना वाटलं, हे आपल्याला आधी का सुचलं नाही? एसटीच्या संपातसुद्धा आपण हीच पोळी वापरली असती!

त्या खुशीत त्यांनी खुर्चीत बसून टेबलावर कोपर टेकलं. कोपराखाली घंटी होती.

नेमका त्याच वेळी ज्वारीवाला बिरुदेव तोंडातली पोळी गिळत म्हणत होता, "पोळी लई झ्याक! म्या तर म्हंतो, फुडल्या वर्साची पंगत चेअरमनच्या अंगणातच हूं द्या, समद्यांची!"

टण्ण टण्ण!

पोळ्या आल्या. हात वर गेले. दीक्षानं मोजले आणि लिहिलं.

"अवो, काय लिहिताय?" रावसाहेब दचकले. "तो काय ठराव न्हवं! ते जेवता जेवता बोलला!"

"काका, हात वर म्हणजे मत. का वर केला ते विचारायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

आता हे हात खोटे म्हणावेत, तर आधीचेही खोटे ठरणार! रावसाहेबांनी तो ठराव लिहू दिला. स्वयंपाकाच्या दारात बजाबाई उलथणं हातात घेऊन उभ्या होत्या. पुढच्या वर्षी ही सगळी पंगत आपल्या अंगणात बसणार, हे त्यांना कळलं होतं. घंटीचा आणि हातांचा काय संबंध आहे, तेही त्यांना कळलं होतं. त्यांनी नवऱ्याकडं एकदाच पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्या नजरेचा अर्थ लावायला रावसाहेबांना सवड नव्हती, कारण आता मुख्य ठराव होता.

तो त्यांनी असा वाचला, की तसा स्टँडवरही कधी वाचला नसेल. "यंत्रखरेदीसह..." आणि पुढं घुर्रर्र! शेवटी खणखणीत, "मंजूर असल्यास हात वर!" टण्ण टण्ण! पोळ्या, हात, मंजूर! रावसाहेबांनी कपाळ पुसलं. जिंकलो!

"काय म्हणाला हो?" गौरम्मांनी शेजारणीला विचारलं. तिनं पलीकडच्या बाईला विचारलं. तो प्रश्न ओळीच्या टोकापर्यंत जाऊन तसाच परत आला. मग गौरम्मा उठल्या आणि थेट दीक्षापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, आता आमी कशाला हात वर केला?"

दीक्षानं ठराव साध्या मराठीत, सावकाश, माईक न वापरता वाचला. मग शेडचे पत्रे वाजायचे तेवढे बाकी राहिले!

"अय्यो देवरे! आमचंच घर आन् आमालाच भाईर काढलं!" गौरम्मा कडाडल्या.

"हे बघा," रावसाहेब सरसावले, "प्रवाशांना विचारून कुणी गाडी चालवतं का? तुमी गाडीचे मालक, मान्य! पण ब्रेक कधी दाबायचा, गिअर कधी टाकायचा, ते डायवरच ठरवणार की!"

"ब्रेक तुमीच दाबा! पण गाडी कुटं जाणार ती पाटी बघूनच आमी चढलो न्हवं? अक्कलकोटची पाटी बघून बसलो आन् तुमी बार्शीला नेलं, तर आमी काय खिडकीतनं बघत बसायचं?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ दुसरी हरकत आली. "वर केलेला हात डावा व्हता! डाव्या हातानं शुभ काम व्हत न्हाय, मग ठराव कसा व्हईल?"

आता मात्र रावसाहेब चिडले. उठून उभे राहिले आणि त्यांनी निर्णय दिला. इतका स्वच्छ, की पलीकडच्या रानातल्या गड्यालाही ऐकू गेला.

"हात वर म्हंजे मत! डावा असो की उजवा, पोळीसाठी असो की माशी हाकायला असो! एकदा वर गेलेला हात खाली घेता येत न्हाय. तिकीट फाडलं म्हंजे फाडलं!"

दीक्षानं हेही लिहून घेतलं.

"ठीक हाय," गौरम्मा म्हणाल्या. "मग आयत्या वेळच्या विषयात माझा ठराव घ्या. मघाचा ठराव रद्द! आन् हितनं फुडं कुटलीबी मोठी गोष्ट सभेला इचारल्याबिगर करायची न्हाय. चेअरमननं न्हाय, मंडळानं न्हाय, चेअरमनच्या घरच्यांनी बी न्हाय!"

आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनंच येतात. रावसाहेबांनी ती उदारपणे दिली. त्यांचा हिशेब पक्का होता. यंत्र आलं की ज्वारी जास्त खपणार, म्हणून ज्वारीवाले आपल्या बाजूनं. खेरीज हे पोळ्यांवरचं मतदान नव्हतं, घंटी त्यांनी खिशात घातली होती. सगळ्यांनी हात धुतले आणि या खेपेला आधी बाजूनं, मग विरोधात, उजवे हात वर गेले. विरोधात बिरुदेवानं दोन्ही केले, म्हणून मोजणी पुन्हा करावी लागली.

दीक्षानं मान वर केली. "दोन्ही बाजू सारख्या. निर्णायक मत अध्यक्षांचं."

गौरम्मा आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या. ते हात कुठं ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न रावसाहेबांना आठवला आणि त्यांना आत कुठं तरी कसंसंच झालं. खरंच झालं, उगीच का खोटं बोला! पण डोळ्यांपुढं यंत्र आलं. इकडून पीठ, तिकडून भाकरी! त्यांनी घसा साफ केला.

"बंधू-भगिनींनो, लोकशाहीत भागधारक हा राजा आहे. परंतु राजानं स्वतः रथ हाकायचा नसतो..."

"काका, ठरावाच्या बाजूनं असाल तर हात वर करा," दीक्षा म्हणाली. "नसाल तर नुसते उभे राहा."

नुसतं उभं राहायचं! यापेक्षा सोपं काम रावसाहेबांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. ते छाती पुढं काढून उभे राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या दारातून बजाबाई आल्या. हातात ताट, ताटात एकच पोळी. आत्ता तव्यावरून उतरलेली, खरपूस, मधोमध फुगून जराशी फुटलेली आणि त्या फटीतून गूळ डोकावतोय. वर तुपाचा गोळा, कडेकडेनं विरघळत चाललेला. वास टेबलापर्यंत आधी आला, पोळी मागून. बजाबाई अध्यक्षांच्या अगदी पुढ्यात थांबल्या आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायच्या तशा मऊ आवाजात म्हणाल्या,

"ही शेवटचीच उरलीय. कुणाला वाढू?"

सटकन हात वर गेला! खांद्यापासून ताठ, पाची बोटं पसरलेली. उजवा!

रावसाहेबांनी वर पाहिलं. तो त्यांचाच होता.

"अध्यक्षांचा हात ठरावाच्या बाजूनं," दीक्षा लिहिता लिहिता म्हणाली. "ठराव मंजूर."

"अवो! अवो, हा पोळीसाठी व्हता!"

"पोळीसाठी असो की माशी हाकायला असो!" सगळी शेड एका सुरात ओरडली. ज्याचं मत ठरावाच्या विरोधात होतं, तो बिरुदेव तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला! "तिकीट फाडलं म्हंजे फाडलं!"

रावसाहेब हात खाली घ्यायलाही विसरले. निदान पोळी तरी, म्हणून त्यांनी आशेनं ताटाकडं पाहिलं. बजाबाई केव्हाच पाठ फिरवून गेल्या होत्या. गौरम्मांच्या पत्रावळीवर ती पोळी अलगद ठेवून त्या म्हणाल्या, "खा गं. आमच्या ह्यांना शुगर हाय."

गौरम्मांनी डोळे पुसले, पोळीचा तुकडा मोडला आणि खाता खाता हसायला लागल्या. जाताना त्या टेबलापाशी आल्या. "साहेब, राग धरू नका. चेअरमन तुमीच ऱ्हावा. गाडी तुमच्यासारखी येळेवर कोण सोडणार? डायवर तुमीच. पाटी तेवढी आमी लावतो."

यावर रागवावं तरी कसं? शिवाय एक गोष्ट रावसाहेबांनी घड्याळात पाहून मनाशी नोंदवली. पाटी कुठलीही लागो, सभा यंदा भर दुपारी आटपली होती. एवढ्या लवकर कंपनीच्या जन्मापासून कधी आटपली नव्हती! ते माईकपाशी गेले आणि त्यांनी सभा समाप्त झाल्याचं जाहीर केलं. ते कुणालाही समजलं नाही, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

संध्याकाळी घरी बजाबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. बिनसाखरेचा. रावसाहेबांनी बशी बाजूला सारली.

"तू मुद्दाम केलंस."

"म्या? म्या तर पोळी वाढत व्हते."

"मग मलाच वाढायची की! हात तर माझा वर व्हता." मग आवाज आणखी खाली आणून, लाडीगोडीनं, "एखादी उरली असंल बघ घरात. निम्मी दे. चतकोर दे. कुणाला कळतंय?"

बजाबाई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर बसल्या.

"अवो, तुमाला शेंगापोळी द्यायची म्हंजे केवढी मोठी गोष्ट! सभेला इचारल्याबिगर कशी द्यायची? चेअरमनच्या घरच्यांनी बी न्हाय, असा ठराव झालाय न्हवं? तुमच्याच हातानं!"

"आता सभा थेट फुडल्या वर्सी!"

"व्हय की," बजाबाई म्हणाल्या. "आपल्याच अंगणात."